चौसष्ट घरांची संमती

बोधनकर साहेबांनी परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. राज्यातल्या लहान शहरांसाठी स्पर्धा लागली होती. प्रत्येक नगरपरिषदेनं आपल्या गावातली एक वस्ती निवडायची, तिच्या विकासाचा प्रस्ताव पाठवायचा. प्रस्तावाला गुण मिळणार, दोनशेच्या वर शहरांतून बारा निवडली जाणार आणि निधी त्या बारांनाच. बाकीच्यांनी पुढच्या खेपेची वाट बघायची.

"कोणती वस्ती घ्यावी?" त्यांनी विचारलं.

"खाणीवरची," मी म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही.

ते हसले. "तू तेच म्हणशील असं वाटलंच होतं मला."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी काटेवळ नगरपरिषदेत कंत्राटी समुदाय संघटक होते. नाव भारदस्त, काम साधं. वस्त्यांमध्ये फिरायचं, बायकांचे गट बांधायचे, पोलिओचा डोस द्यायला लेकरं गोळा करायची, रेशनकार्डाचे फॉर्म भरून द्यायचे. दिगंबर बोधनकर आमचे मुख्याधिकारी. ठेकेदाराकडचा चहाही न पिणारा माणूस. संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की ते मला समोर बसवून माझे अहवाल दुरुस्त करायचे. विशेषणं खोडायचे. "दयनीय, भयानक, हे शब्द काढ. डोळ्यांनी काय पाहिलंस ते लिही," असं म्हणायचे. माझ्या वडिलांनी मला कधी इतका वेळ देऊन काही शिकवलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं असतं तर मी तो प्रस्ताव दगडावर कोरूनसुद्धा दिला असता.

खाणीवर वडारांची चौसष्ट घरं होती. बाजारातले ओटे, ओढ्यावरचा पूल, खुद्द नगरपरिषदेच्या इमारतीचं जोतं, सगळा दगड त्यांच्या आजा-पणज्यांनी त्या खाणीतून काढलेला. पुढे खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं आणि माणसं काठावर तशीच राहिली. जमीन सरकारी. गाव वाढत वाढत खाणीच्या पलीकडच्या काठाला येऊन टेकलं होतं. तिथं बंगले झाले होते, डॉक्टरांची कॉलनी झाली होती. अलीकडच्या काठाला मात्र चौसष्ट घरांत मिळून एक नळ.

तीन आठवडे मी रोज तिथं गेले. माझ्यासोबत सायव्वा इटकर असायची. साठीची बाई, हातात सदा छिन्नी, पाटे-वरवंटे घडवून आठवडी बाजारात विकायची. वस्तीत पंच होते, पण शेवटचा शब्द सायव्वाचा. ती मला प्रत्येक घरात घेऊन गेली. कुठं चूल पेटते, कुठं पेटत नाही. पावसात पाणी नडगीपर्यंत कोणत्या घरात येतं. विंचू कुणाकुणाला चावला. मी लिहीत गेले.

एका घरापाशी मात्र ती थांबली नाही. मी थांबले. ते दुर्गप्पाचं घर होतं. आदल्या वर्षी त्याची पाच वर्षांची पोर खाणीच्या पाण्यात गेली होती. हे मला ठाऊक होतं.

"ते लिहू नको," सायव्वा म्हणाली.

मी तिला समजावलं. वर बसलेल्या माणसांनी ही वस्ती कधी पाहिलेली नाही, त्यांना कागदावरूनच कळणार, आणि हे कळलं तर पाण्याभोवती कठडा तरी होईल, असं बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग आत जाऊन दुर्गप्पाच्या बायकोशी त्यांच्या भाषेत काही बोलली. बाहेर आल्यावर म्हणाली, "लिही. पण नाव नीट लिही. भागव्वा."

मी नाव नीट लिहिलं.

अहवाल साहेबांना आवडला. पहिल्यांदाच त्यांनी एकही शब्द खोडला नाही. पानं परत देताना म्हणाले, "आता तुला माझी गरज उरली नाही." त्या दिवशी घरी जाताना मी सायकल चालवत नव्हते, तरंगत होते.

मग संमती. परिपत्रकात अट होती की वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाची लेखी संमती जोडली पाहिजे. तिला वेगळे गुण होते. मी मसुदा केला, 'घरोघरी नळ, बंदिस्त गटार, खाणीला कठडा आणि समाजमंदिर या कामांस आमची संमती आहे.' साहेबांनी तेवढं एक वाक्य बदललं. 'वस्तीच्या विकास आराखड्यास आमची संमती आहे' असं केलं. म्हणाले, कामांची यादी घातली तर पुढे एखादं काम वाढवताना परत सगळ्यांच्या सह्या घेत बसावं लागेल. मला ते पटलं.

यल्लम्माच्या देवळापुढं पत्र्याच्या मांडवात सगळी जमली. मी एकेक काम समजावून सांगितलं. नळ कुठून येणार, गटार कुठं जाणार. दुर्गप्पा मागं बसला होता. त्यानं एकच विचारलं, "ताई, घरं तर हलवणार न्हाईत ना?"

"नाही हो," मी म्हणाले. "घरं हलवायची असती तर नळ कशाला मागितले असते? मी आहे ना."

चौसष्ट घरांच्या सह्या आणि अंगठे त्या दुपारी झाले. सायव्वानं पहिला अंगठा दिला, आणि बाकीच्यांनी तिच्याकडं बघून.

प्रस्ताव गेला. पहिल्या चाळणीत काटेवळ टिकलं, तेव्हा गावात पेढे वाटले. चाळीस शहरं उरली होती. आता राज्याची समिती प्रत्येक ठिकाणी येऊन पाहणी करणार, लोकांशी बोलणार आणि मग निकाल. आमची तारीख मार्चमधली आली.

त्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसून ऑफिसात गेले. समितीची गाडी साडेदहाला येणार होती. सभागृहात सतरंज्या, खुर्च्या, फुलदाण्या, सगळं झालं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि प्रस्तावाची बांधीव प्रत हातात दिली. अंतिम प्रत मी तोवर पाहिलेली नव्हती. अभियंत्यांनी नकाशे घालून ती परस्पर पाठवली होती.

पहिलं प्रकरण माझंच होतं. शब्दन् शब्द माझा. फक्त वर मथळा नवा होता, 'मानवी निवासास अयोग्य ठरलेली वस्ती'.

मी पान उलटलं. दुसरं प्रकरण 'खाण-तलाव उद्यान'. रंगीत चित्र होतं. तळ्याभोवती फरसबंदी वाट, बाकं, होड्या. अलीकडच्या काठावर, सायव्वाचं घर होतं त्या जागी, कारंजं. तिसरं प्रकरण 'पुनर्वसन'. गावापासून सहा किलोमीटरवर, बोरीच्या माळावर चौसष्ट भूखंड. आणि शेवटी जोडपत्र पाच, चौसष्ट कुटुंबांची संमती. सगळ्यात वर सायव्वाचा निळा अंगठा.

मी उभीच होते. साहेब म्हणाले, "बस."

मी बसले नाही. म्हणाले, "साहेब, नळ कुठं आहेत यात?"

"नळ मागणारी दोनशे गावं आहेत, वैजयंती. दोनशेही गावं नळ आणि गटारच मागणार. बारांत यायचं तर काहीतरी दिसायला हवं."

"मी त्यांना सांगितलंय की घरं हलणार नाहीत."

"तू सांगितलंस. नगरपरिषदेनं नाही सांगितलं." ते शांतपणे बोलत होते, अहवाल दुरुस्त करताना बोलायचे तसेच. "तू लिहिलेलं एक अक्षर तरी मी बदललंय का? बघ. पाणी घरात येतं, तू लिहिलंस. विंचू आहेत, तू लिहिलंस. पोर बुडाली, तू लिहिलंस. अशा ठिकाणी माणसांनी राहावं का? मोकळ्या माळावर कोरडी राहतील."

मी विचारलं, हे कधी ठरलं. मला वाटत होतं, चाळणीनंतर कुणीतरी दबाव आणला असेल, नगराध्यक्षांनी, पलीकडच्या कॉलनीवाल्यांनी. मला ते ऐकायचं होतं. साहेबांचा नाइलाज झाला, एवढं कळलं असतं तरी मला पुरलं असतं.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"परिपत्रक आलं त्या दिवशी," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला वस्तीवर पाठवलं असतं तर त्या लोकांनी अंगठे दिले नसते."

बाहेर कुणीतरी गाडी आल्याचं सांगितलं. साहेब उठले, कोट चढवला. दाराशी थांबून म्हणाले, "समितीनं तुला काही विचारलं तर तुला वाटेल ते सांग. मी अडवणार नाही." आणि गेले.

त्यांनी खरंच मला अडवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची कैक वर्षं मी लोकांना वेगळं सांगत आले.

सभागृह भरलं होतं. नगरसेवक, व्यापारी, डॉक्टर, दोन शाळांचे मास्तर. मागच्या रांगेत वस्तीची माणसं बसवली होती. सायव्वानं हिरवं लुगडं नेसलं होतं, जवळ दुर्गप्पा, तिची सून रेणुका. त्यांना वाटत होतं की नळाची बैठक आहे. समितीच्या अध्यक्ष एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी चित्रांकडं फारसं पाहिलं नाही. पहिलं प्रकरण उघडलं, त्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

साहेबांनी माझ्याकडं हात केला. मी उभी राहिले.

बाई म्हणाल्या की त्यांनी त्या महिन्यात सव्वीस शहरांचे प्रस्ताव वाचले. सगळे एकसारखे. एकाही प्रस्तावात त्यांना माणूस भेटला नव्हता, तो इथं भेटला. असं लिहिणारी व्यक्ती नगरपरिषदेत आहे याचा हेवा वाटतो, असंही म्हणाल्या. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेनंही वाजवल्या. सायव्वानं तर हात वर करून वाजवल्या.

मग बाई मागच्या रांगेकडं वळल्या. "आजी, या कागदावर पहिला अंगठा तुमचा आहे. यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे?"

सायव्वा उठली. पदर नीट केला. "आमास्नी वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "काय लिवलंय ते ताईला ठावं. ताईनं सांगितलं तिथं आमी अंगठा केला. ताईवर आमचा भरवसा हाये."

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडं पाहिलं. "प्रस्तावात काय आहे ते तुम्ही यांना समजावून सांगितलं होतं?"

मी उभीच होते अजून. टाळ्या थांबून एक मिनिटही झालं नव्हतं. साहेब टेबलाकडं बघत होते. त्यांनी मान वर केली नाही, खूण केली नाही. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर प्रस्ताव तिथंच पडला असता, गाव माझ्यावर उठलं असतं, नोकरीही गेली असती. हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी यातलं काही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की या बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघताहेत ती नजर बदलेल.

"हो मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सायव्वा समाधानानं खाली बसली.

निकाल मे महिन्यात लागला. काटेवळ बारांत आलं, चौथ्या क्रमांकानं. बाजारपेठेतून ताशा वाजवत मिरवणूक निघाली. साहेबांना हार घातले, मलाही एक घातला. दसऱ्यानंतर खाणीवर नोटिसा लागल्या.

सायव्वा नोटीस घेऊन ऑफिसात आली. एकटीच आली, आरडाओरडा न करता. माझ्या टेबलासमोर खाली बसू लागली, मी खुर्ची दिली. तिनं कागद पुढं केला, म्हणाली, वाच. मी वाचला. साठ दिवसांत जागा सोडायची, बोरीच्या माळावर भूखंड मिळेल, कुटुंबांनी यापूर्वीच लेखी संमती दिलेली आहे. मी खालच्या सहीपर्यंत सगळं वाचलं.

"आमी अंगठा दिला तो कागद ह्योच का?"

मी म्हणाले की कागद तोच, पण आराखडा साहेबांनी परस्पर केला, मला काही कळू दिलं नाही, माझीही फसवणूक झाली. हे खरं होतं. बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही खरं होतं.

सायव्वानं सगळं ऐकून घेतलं.

"साहेबाला आमी वळखत न्हाई," ती म्हणाली. "आमी तुला वळखत हुतो."

मग तिनं विचारलं, "त्या दिसी त्या बाईनं तुला इचारलं तवा तुला ठावं हुतं का?"

मी नोटीस तिच्यापुढं सरकवली. तिनं नोटिशीची घडी केली, कनवटीला लावली आणि गेली.

वस्ती थंडीत हलली. ट्रॅक्टर नगरपरिषदेनंच दिले होते. पाटे-वरवंटे, अर्धवट घडवलेली जाती, पत्रे, यल्लम्माची मूर्ती. पोलीस उभे होते, पण त्यांचं काही काम पडलं नाही. दुर्गप्पाची बायको शेवटच्या ट्रॅक्टरमध्ये चढेना. ती खाणीच्या पाण्याकडं तोंड करून बसून राहिली. भागव्वाला तिथं सोडून कुठं जाऊ, असं ती म्हणत होती. शेवटी सायव्वानं तिला उठवलं. मी हे रस्त्याच्या पलीकडून पाहिलं, जवळ गेले नाही.

बोधनकर साहेबांची बढतीवर बदली झाली. निरोपसमारंभात त्यांनी माझं नाव घेतलं, या मुलीशिवाय हे झालं नसतं, असं म्हणाले. त्या आठवड्यात मी नोकरी सोडली. त्यांनी पत्र पाठवलं होतं, मी ते फोडलं नाही. त्यांचा राग मला आजही येतो. पण त्या रागाला मी कितीदा तरी सोयीनं वापरलं. लग्नानंतर नवऱ्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा सांगितलं की साहेबांनी नोकरीची धमकी देऊन माझं तोंड बंद केलं. माहेरीही हेच सांगितलं. टाळ्यांचं कुणालाच सांगितलं नाही.

पुढे मी तहसीलसमोर टायपिंगचं दुकान टाकलं. दाखले, प्रतिज्ञापत्रं, अर्ज. खाण सोडल्याला सहा वर्षं झाली असतील, तेव्हा एका सोमवारी सायव्वा आणि रेणुका दुकानाच्या पायरीवर आल्या. सायव्वा वाळली होती, काठी टेकत होती. मला वाटलं चुकून आल्या. मी उठून उभी राहिले.

"अर्ज लिवायचा हाय," सायव्वा म्हणाली. "लिवशील?"

माळावर टँकर तिसऱ्या दिवशी येत होता आणि सकाळची बस बंद झाली होती. बाजारात पाटे न्यायचे कसे, पोरांनी शाळेत जायचं कसं. तिनं सांगितलं, मी टाइप केलं. बाजारात टायपिंगची आणखी तीन दुकानं होती. ती माझ्याकडं का आली हे मी विचारलं नाही. बहुधा तिला माहीत होतं की मी लिहिते चांगलं.

अर्ज छापून झाल्यावर मी तो तिला वाचून दाखवला. सावकाश, सगळा. तिनं ऐकला. मग माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि सुनेकडं दिला.

"आता तू वाच," ती म्हणाली.

रेणुका सातवीपर्यंत शिकलेली होती. ती उभ्यानं, ओळीखाली बोट धरून वाचू लागली. एकेक अक्षर लावत होती. मागं चार गिऱ्हाइकं खोळंबली, एकानं घड्याळ पाहिलं. सायव्वानं घाई केली नाही. मीही केली नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत रेणुका अडली.

"'यथोचित कार्यवाही' म्हंजे काय?"

"योग्य ते करावं, असा अर्थ," मी म्हणाले.

"योग्य ते कुणी ठरवायचं?" सायव्वानं विचारलं.

मी परत मशीनकडं वळले.

"ते काढ," ती म्हणाली. "टँकर रोज आन बस सकाळी सातला. एवढंच ठेव."

मी ओळ काढली, एवढंच ठेवलं, आणि नवा कागद छापून रेणुकाच्या हातात दिला. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली.